‘एकच प्याला’ : पेल्याच्या अलीकडे आणि पलीकडे

नाटकाचे परीक्षण हा आमचा धंदा नव्हे. आमचा दिवस जातो तो आरोपपत्रे, खातेनिहाय चौकश्या, पगाराच्या थकबाक्या आणि मालकांच्या दाराशी चालणाऱ्या वाटाघाटी यांत. शिक्षण म्हणावे तर रात्रशाळेपुरते. पुढचे जे काही वाचन झाले ते संघटनेच्या कचेरीतल्या दोन कपाटांच्या आधाराने. तरीही राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकाविषयी चार शब्द बोलण्याचे धाडस आम्ही करीत आहोत, त्याला कारण आहे. ज्या प्रश्नाभोवती हे नाटक फिरते, तो प्रश्न आमच्या कचेरीच्या बाकावर वरचेवर येऊन बसतो. पिऊन कामावर आला म्हणून सस्पेंड झालेला माणूस समोर असतो, त्याची बायको दाराशी उभी असते, आणि आमच्यातलेच कोणीतरी हळूच विचारते : अशा माणसासाठी वर्गणीदारांचा पैसा आणि आपला वेळ कशाला घालवायचा? या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच्या या नाटकात शोधता येते काय, आणि निरनिराळ्या काळी निरनिराळ्या दृष्टींच्या लोकांनी या नाटकातून काय काय काढले, हे आज पाहावयाचे आहे.

प्रथम इतिहास. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे वारले. वय अवघे तेहेतीस. त्यानंतर महिन्याच्या आतच, फेब्रुवारी १९१९ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणले. पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांची होती. बालगंधर्व सिंधू झाले, गणपतराव बोडस सुधाकर झाले. आपल्या नाटकाला महाराष्ट्र कसा रडतो, हे पाहावयास नाटककार उरला नव्हता. तेव्हापासून हे नाटक मराठी माणसाच्या बोलण्यात शिरले ते आजतागायत. ज्यांनी नाटक पाहिले नाही, वाचले नाही, त्यांनाही सिंधू, सुधाकर आणि तळीराम ही नावे ठाऊक असतात. पिणाऱ्या माणसाला ‘तळीराम’ म्हणणे ही तर आपल्या भाषेची सवयच होऊन बसली आहे.

कथानक बहुतेकांस परिचित आहे. तथापि पुढील विवेचनासाठी ते थोडक्यात सांगितले पाहिजे. सुधाकर हा स्वतःच्या हिमतीवर वर आलेला, बुद्धिमान, पण अतिशय मानी वकील. न्यायालयात मुन्सफाशी त्याचा खटका उडतो आणि त्याची सनद काही काळापुरती काढून घेतली जाते. अपमानाने जळत असलेल्या सुधाकराला त्याचा कारकून तळीराम दुःख विसरण्याचा उपाय म्हणून पहिला पेला देतो. मग संसार उतरणीला लागतो. सुधाकर सिंधूला माहेरची एक पैही न घेण्याच्या शपथेत बांधतो, आणि श्रीमंत घरची ही लेक लोकांची दळणे दळून लेकराचे पोट भरते. मध्ये एकदा सुधाकर दारू सोडतो, काम मागत हिंडतो, आणि पुन्हा पेल्याकडे वळतो. शेवटी नशेत त्याच्याच हातून लहान मूल दगावते, सिंधूही मार लागून मरणाच्या दाराशी पोहोचते. मरता मरता ती पोलिसांपुढे नवऱ्याला वाचविण्यासाठी खोटे बोलते. सुधाकर दारूच्या पेल्यात विष घेऊन स्वतःचा शेवट करतो.

आता या नाटकाकडे पाहण्याच्या दृष्टी. पहिली दृष्टी पंडितांची. आपल्या जुन्या नाट्यशास्त्रात रंगमंचावर मृत्यू दाखवू नये असा संकेत होता आणि नाटकाचा शेवट गोड असावा अशी परंपरा होती. भासाच्या ‘ऊरुभंगा’त दुर्योधनाचे मरण आहे खरे; परंतु भासाची नाटके त्रिवेंद्रमहून गणपतिशास्त्र्यांनी छापण्यास आरंभ केला तोच मुळी १९१२ साली. तेव्हा मराठी नाटककाराला दुःखान्ताचा धडा मिळाला तो मुख्यतः इंग्रजी नाटकांपासून. विनायक जनार्दन कीर्तने यांनी १८६१ साली ‘थोरले माधवराव पेशवे’ लिहून वाट पाडली. आगरकरांनी १८८३ साली ‘विकारविलसित’ या नावाने ‘हॅम्लेट’ मराठीत आणले. देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ रचले. या वाटेने आलेल्या वाचकाला ‘एकच प्याला’त शेक्सपिअरची छाया दिसावी यात नवल नाही. थोर मनाचा नायक, त्याच्या स्वभावातले एक छिद्र, त्या छिद्रातून आत शिरणारा खलपुरुष आणि निष्पाप पत्नीचा बळी, असा हा साचा आहे. तळीराम म्हणजे इयागो, असे म्हणून मोकळे होता येते.

ॲरिस्टॉटलने शोकान्त नायकाच्या बाबतीत ‘हॅमार्शिया’ हा शब्द वापरला आहे. त्याचा मूळ अर्थ बाणाचा नेम चुकणे असा आहे. म्हणजे नायक दुष्ट नसावा आणि अगदी निर्दोषही नसावा; त्याचा नेम चुकावा आणि त्यातून सर्वनाश व्हावा. सुधाकराचा मानीपणा ही ती चूक, असे पंडित म्हणतात. यावर एक मोठा आक्षेप घेतला जातो. दारूचे व्यसन हा शरीराचा रोग आहे. एकदा तो जडला की माणसाला निवड करण्याचे स्वातंत्र्य उरत नाही. आणि जेथे निवड नाही तेथे शोकांतिका कसली, तो केवळ एक अपघात झाला. हा आक्षेप वजनदार आहे. त्याचे उत्तर नाटकातच आहे असे आम्हांस वाटते. पण त्याकडे येण्याआधी दुसऱ्या दृष्टी पाहिल्या पाहिजेत.

दुसरी दृष्टी मद्यपाननिषेधाची. नाटकाला लोकमान्यता मिळाली त्यात हिचा वाटा मोठा आहे. पहिला पेलाच घेऊ नका, हा तिचा उपदेश. नाटकाच्या नावातच तो आहे. पण या उपदेशाला एक इतिहास आहे आणि तो केवळ नीतीचा नाही. मुंबई इलाख्यात १८७८ साली अबकारी कायदा झाला. तोवर गावोगाव, पाड्यापाड्यांवर मोहाची दारू गाळली जाई, ताडीमाडी उतरविली जाई. नव्या कायद्याने दारू गाळण्याचा हक्क ठरावीक भट्ट्यांच्या मक्तेदारांकडे गेला, विक्रीचे परवाने आले, आणि दारू ही सरकारी उत्पन्नाची बाब झाली. पुढे १८९२ साली ठाणे-कुलाब्याकडे मोहाची फुले बाळगण्यावरही कायद्याने निर्बंध आले. लोकांनी दारू सोडावी म्हणून हे झाले नाही. लोकांनी सरकारच्या हिशेबातली दारू प्यावी म्हणून झाले.

हे ओळखणारे लोक तेव्हाही होते. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० साली त्यांनी शहरात दारूचे दुकान उघडण्याविरुद्ध लेखी हरकत घेतली. १९०८ साली पुण्यात दारूच्या दुकानांपुढे स्वयंसेवक उभे राहिले, गिऱ्हाइकांना हात जोडून परत पाठवू लागले, आणि सरकारने त्यांना पकडले. दारूबंदीची चळवळ ही अशा रीतीने राज्यकर्त्यांच्या तिजोरीवर बोट ठेवणारी चळवळ होती. आता पाहा, ‘एकच प्याला’च्या प्रमुख पात्रांत दारूचा मक्तेदार नाही. अबकारी खात्याचा अंमलदार नाही. दारू कोठून येते, तिच्यावर कोण गबर होतो, हे नाटक विचारीत नाही. ‘आर्य मदिरा मंडळा’ची टवाळी आहे, पण ती पिणाऱ्यांची आहे; विकणारा पडद्याआडच राहतो. दारू देण्याचे पाप एका कारकुनाच्या माथी मारले आहे.

ज्या १९१९ साली नाटक रंगभूमीवर आले, त्याच साली विलायतेत हिंदुस्थानच्या कारभाराचा नवा कायदा झाला. त्यानुसार प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली; शिक्षण आणि अबकारी ही दोन्ही खाती मुंबईत लोकनियुक्त मंत्र्यांच्या बाजूस पडली. परिणाम असा की, ज्या मंत्र्याने शाळा काढाव्यात त्याच्या बाजूच्या तिजोरीत दारूच्या दुकानाचा पैसा यावा. दारू बंद करा म्हटले की, मग शाळा बंद करू काय, असा प्रतिप्रश्न तयार. मुंबई शहरात १ ऑगस्ट १९३९ रोजी दारूबंदी जाहीर झाली आणि काही महिन्यांतच मंत्रिमंडळ राजीनामा देऊन बाहेर पडले. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा झाला, १९५० साली तो सर्वत्र लागू झाला, आणि पुढच्या दशकापासून परवान्यांच्या वाटेने सैल होत गेला. उत्पादन शुल्क हा राज्याच्या उत्पन्नाचा मोठा झरा आजही आहे. तेव्हा ‘पहिला पेला घेऊ नका’ असे व्यासपीठावरून सांगणारा हात आणि पेल्यामागे कर घेणारा हात, हे दोन्ही एकाच देहाचे असू शकतात, एवढे या दृष्टीने पाहणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

तिसरी दृष्टी स्त्रियांची. १९१९ सालच्या प्रेक्षकाने सिंधूत पतिव्रतेचा आदर्श पाहिला. बालगंधर्वांच्या गळ्यातून तिची पदे आली तेव्हा ते दुःख सुंदरही झाले, आणि सुंदर झालेले दुःख सोसण्याजोगे वाटू लागते. आजच्या वाचक स्त्रिया विचारतात : मूल मारणाऱ्या नवऱ्यासाठी मरणाच्या क्षणी खोटी साक्ष देणे हा आदर्श कोणी ठरविला? हा प्रश्न रास्त आहे. गडकऱ्यांनी सिंधूशेजारी तळीरामाची बायको गीता उभी केली आहे. ती फटकळ आहे, नवऱ्याला तोंडावर सुनावणारी आहे. सुधाकराची बहीण शरद ही बालविधवा आहे, आणि तिला आसरा देणाऱ्या शहाण्यासुरत्या रामलालचे मनही तिच्या बाबतीत डळमळते. म्हणजे दारू न पिणाऱ्या सज्जन पुरुषापासूनही बाईला निर्धास्तपणा नाही, हे नाटककाराला कळत होते. कळूनही त्याने मुकुट ठेवला तो सिंधूच्याच डोक्यावर.

आम्ही या दृष्टीत आमच्या परीने एक भर घालतो. सिंधूचे जाते पाहा. तिच्या अश्रूंवर पुष्कळ लिहिले गेले. तिच्या दळणाचा हिशेब मांडणे राहून गेले. सनद गेल्यावर, अब्रू गेल्यावर, त्या घरातली चूल पेटली ती दोन हातांच्या मजुरीवर. गिरणगावाला हे चित्र अपरिचित नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, आणि तो रीतसर मिटला असे कधी घडलेच नाही. त्या दिवसांत कित्येक बिऱ्हाडे तगली ती खाणावळी चालविणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या बायकांच्या कष्टांवर. त्या बायका सिंधूसारख्या गप्प बसल्या नाहीत. या राज्यात दारूची दुकाने बंद करविण्याचा जोर पुष्कळ ठिकाणी बायकांच्याच बाजूने लागला. १९९३ साली गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आली ती लोकांच्या चळवळीमुळे. पुढे गावोगाव महिलांच्या मतदानाने दुकान बंद करण्याची सोय झाली. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली, अशी खूण. ज्या बाईने आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तिने सिंधूच्या कहाणीला आपला शेवट लिहिला, असे आम्ही मानतो. तथापि चंद्रपुरात २०१५ साली आलेली बंदी २०२१ साली उठली. बाटली आडवी केली तरी ती पुन्हा उभी करणारे हात असतात, हेही तितकेच खरे.

चौथी दृष्टी आमच्या धंद्याची, म्हणजे कामाची आणि पगाराची. १९१९ सालचा जानेवारी महिना आमच्या इतिहासात निराळ्या कारणाने कोरलेला आहे. महायुद्धात धान्य-कापडाचे भाव चढले होते, आदल्या वर्षीच्या इन्फ्लुएन्झाने चाळी ओस पाडल्या होत्या. गिरणीमालकांना नफा झाला होता आणि मजुरी मागेच राहिली होती. ९ जानेवारी १९१९ पासून मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि लाखाच्या वर कामगार रस्त्यावर आले. तिकडे सावनेरास गडकरी शेवटचे दिवस मोजीत होते, तेव्हा इकडे हा संप चालला होता. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नाही. नाटकात परळ नाही, लालबाग नाही. पण ज्या समाजाने हे नाटक डोक्यावर घेतले, त्याच समाजातला एक सुखवस्तू वर्ग संपवाल्यांकडे बोट दाखवून म्हणत असे : मजुरी वाढवून काय उपयोग, हे लोक सगळे दारूत घालवतात. कामगार पितो म्हणून गरीब आहे, ही त्या वर्गाची विचारसरणी. आणि तिच्या जोडीला हे नाटक साक्षीला काढता येत असे.

आमच्या चळवळीतल्या लोकांनी याला उलटे उत्तर दिले : कामगार गरीब आहे म्हणून पितो. त्या उत्तरात तथ्य होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून मागण्या केल्या, त्यांत आठवड्याला रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, आणि पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हाती पडावा, या गोष्टी होत्या. म्हणजे एका महिन्याचे काम करून दुसऱ्या महिन्याच्या मध्यापर्यंत वाट पाहणे, हे त्या वेळी सुधारणा म्हणून मागावे लागत होते! रविवारची सुटी मिळाली ती १८९० साली. मजूरविषयक शाही कमिशनने १९३१ साली लिहून ठेवले की, बहुतेक औद्योगिक शहरांत निदान दोनतृतीयांश कामगार कर्जात आहेत. पगार सात ते दहा तारखेच्या आत देण्याचे बंधन १९३६ सालच्या कायद्याने आले. तोवर पगाराच्या दिवशी फाटकाशी पठाण उभा, वाण्याचे देणे डोक्यावर, आणि वाटेत अबकारी खात्याच्या परवान्याचे दुकान. अशा माणसाला पहिल्या पेल्याचे पाप सांगणे सोपे आहे.

परंतु ‘गरीब आहे म्हणून पितो’ हे उत्तरही पुरे पडत नाही, आणि ते आम्हांस ‘एकच प्याला’नेच शिकविले. सुधाकर गरीब नव्हता. ज्या दिवशी त्याने पहिला पेला घेतला त्या दिवशी त्याच्या घरात अन्न होते, बायको जिवापाड प्रेम करणारी होती, मित्र होते. मग त्याच्याकडे काय नव्हते? काम नव्हते. सनद काढून घेतली होती. पेल्याच्या अलीकडे, त्याला लागूनच, ही सनद आहे. प्रेक्षक पेला मोजतो. आम्ही ही सनद मोजतो. ज्याने गरिबीतून मान मिळविला त्याचा मान त्याच्या कामात असतो. काम थांबले की तो घरात असून नसल्यासारखा होतो. वकिलाचे असे होते, तसेच लेथवर बसणाऱ्याचे, क्रेन चालविणाऱ्याचे होते. सस्पेंड झालेला कामगार पहिले आठ दिवस घरी खरे कारण सांगत नाही. डबा घेऊन वेळेवर बाहेर पडतो आणि दिवसभर स्टेशनावर, बागेत बसून संध्याकाळी परततो. अशी कित्येक माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांच्यातला जो पूर्वी कधी पीत नव्हता तो या दिवसांत पिऊ लागतो. त्याच्याही शेजारी कोणीतरी तळीराम येऊन बसलेला असतोच. आणि तो तळीराम बहुधा स्वतःच बुडालेला, संगत शोधणारा गरीब जीव असतो. नाटकातला तळीरामसुद्धा दारूनेच मरतो, हे त्याला सैतान ठरविणाऱ्यांनी विसरू नये.

मुन्सफाने सनद तहकूब केली ती योग्य की अयोग्य, याची चौकशी नाटक करीत नाही. त्याला त्याचे महत्त्व वाटत नाही. संघटनेचा माणूस मात्र पहिला प्रश्न तोच विचारील. आरोप काय होता? म्हणणे मांडण्याची संधी दिली काय? चौकशी किती दिवस चालणार? तोवर घर कशावर चालणार? निलंबित कामगाराला चौकशीच्या काळात पहिले नव्वद दिवस निम्मा पगार आणि विलंब त्याच्यामुळे नसेल तर पुढे पाऊण पगार निर्वाहभत्ता म्हणून मिळावा, ही तरतूद देशाच्या कायद्यात आली ती १९८२ सालच्या दुरुस्तीने. त्याआधी किती सुधाकर किती तळीरामांच्या हाती पडले असतील, याची नोंद कोठे नाही.

आता पेल्याच्या पलीकडे जाऊ. नाटकाच्या उत्तरार्धात सुधाकर दारू सोडतो आणि काम मागण्यास बाहेर पडतो. पूर्वी जे त्याच्या ओळखीवर मिरवत असत त्या प्रतिष्ठित गृहस्थांकडे तो जातो. कोणी टोमणा मारतो, कोणी हसतो, कोणी ओळखच देत नाही. दारुड्यावर कोण विश्वास ठेवणार? तो त्या दिवशी प्यालेला नाही. पण त्याची कीर्ती त्याच्या पुढे चालते. आणि मग तो पुन्हा पेल्याकडे वळतो, तो आता विसरण्यासाठी नव्हे, तर जगण्याचा हिशेब मिटविण्यासाठी.

पंडितांचा आक्षेप आठवा : व्यसन जडल्यावर निवड उरत नाही, म्हणून ही शोकांतिका नव्हे. सुधाकरही रामलालपुढे हेच सांगतो. दारूच्या अवस्था वर्णन करताना त्याच्या बोलण्याचा मथितार्थ असा की, आरंभी सोडता येते पण सोडावीशी वाटत नाही, आणि शेवटी सोडावीशी वाटते पण सोडता येत नाही. हे भाषण इतके प्रभावी आहे की ऐकणारा तोच नाटकाचा निर्णय समजतो. पण काम मागण्याचा प्रवेश त्या निर्णयाविरुद्ध साक्ष देतो. त्या प्रवेशात सुधाकर निवड करतो, आणि बरोबर निवड करतो. त्याने पेला खाली ठेवलेला असतो. चुकतो तो समाज. नेम चुकण्याची ती जी जुनी ग्रीक कल्पना, ती एकट्या नायकाला लागू करण्याचे कारण नाही. दार उघडण्याची संधी ज्यांना होती आणि ज्यांनी ते लावून घेतले, त्या सभ्य गृहस्थांचाही नेम चुकला. आणि त्याची किंमत एका बाईने आणि एका तान्ह्या मुलाने भरली. आमच्या मते या नाटकाचे शोकान्तपण येथे आहे. माणूस पडला हे दुःख आहेच. पण तो उठला होता आणि त्याला उभे राहू दिले नाही, हे अधिक मोठे दुःख आहे.

सुधाकराने केलेला अत्याचार यामुळे धुऊन निघतो, असे आम्हांस म्हणावयाचे नाही. ज्या हाताने काठी उगारली तो हात त्याचाच होता. प्यालेल्या माणसाच्या बाजूने भांडणाऱ्या संघटनेनेही ही गोष्ट डोळ्याआड करू नये. प्यालेला क्रेनचालक खाली उभ्या असलेल्या चार सोबत्यांचा जीव धोक्यात घालतो, आणि ते चारही आमचेच सभासद असतात. आणि पगार घरी न नेणाऱ्याची बायको आमची वर्गणीदार नसली तरी तिचा हिशेब आमच्याकडे लागतो. म्हणून आम्ही वाटाघाटीत एक सूत्र धरून बसतो : त्याला यंत्रापासून दूर ठेवा, हजेरीपटापासून नको. उपचाराला रजा द्या, बरा होऊन आला की प्रथम हलक्या आणि बिनधोक कामावर घ्या, सहा महिने पाहा. जेथे मालकांनी हे मान्य केले तेथे सगळेच सुधारले असे नाही. काही पुन्हा घसरले, काही गेले. पण जे उभे राहिले त्यांना विचारले तर ते उपचाराइतकेच श्रेय देतात ते परत मिळालेल्या कामाला : सकाळी सातच्या पाळीला आपले नाव पुकारले जाते याला.

आणि ज्यांना दार लावून घेतले गेले ते कोठे जातात? जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. त्यांत हातावर पोट असलेले लोकच अधिक होते. परवान्याच्या दुकानातली दारू परवडत नाही, फुकटची विस्मृती मिळत नाही, म्हणून माणूस ज्या गुत्त्यावर जातो तेथे पेल्यात विष घालायला सुधाकराची गरज नसते. ते आधीच घातलेले असते.

चारही दृष्टी आम्ही मांडल्या. पंडिताने नायकाचा स्वभाव पाहिला, निषेधकाने पेला पाहिला, स्त्रीने सिंधूचे मौन पाहिले, कामगाराने सनद पाहिली. यांपैकी एकच खरी आणि बाकीच्या खोट्या, असा आमचा दावा नाही. ज्या नाटकाला शंभर वर्षे लोटूनही चार बाजूंनी प्रश्न विचारता येतात ते नाटक थोरच आहे. मात्र या सर्व दृष्टींना एका ठिकाणी येऊन थांबावे लागते, आणि ते ठिकाण म्हणजे सुधाकर काम मागत हिंडतो तो रस्ता. तेथे स्वभावाची परीक्षा आहे, संयमाची आहे, बायकोमुलाच्या भवितव्याची आहे आणि समाजाचीही आहे. पूर्वीची पाच अंकी, रात्रभर चालणारी नाटके आज कापून बसवावी लागतात, हे आम्हांस समजते. पदे कमी करावी, विनोद आटोपता घ्यावा. पण जी मंडळी हे नाटक पुन्हा उभे करतील, मग ती व्यावसायिक असोत की कामगार कल्याणाच्या स्पर्धेत उतरणारी असोत, त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की काम मागण्याचा तो प्रवेश गाळू नका. आणि त्या प्रवेशात जे गृहस्थ दार लावून घेतात, त्यांना प्रेक्षकांकडे तोंड करून उभे करा.